घाट उतरून राह्यली

आमच्या बँडच्या गायकाच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी त्याला काही महिने गाणंच काय, मोठ्यानं बोलायलाही मनाई केली. पुण्यातला आमचा चौघांचा रॉक बँड, मी त्यात गिटार वाजवते आणि मागून साथीचा आवाज देते. गायकच गप्प बसल्यावर बाकीच्यांनी काय करायचं? ड्रमर म्हणाला, सुट्टी घेऊ. मी गिटार पाठीला लावली आणि बुलढाण्याला आईवडिलांकडे आले. गिटारच्या शिकवण्या तशाही मी ऑनलाइनच घेत होते, त्या कुठूनही घेता आल्या असत्या.

बँडमध्ये आमची गाणी लांबलचक, ताल मोडत जाणारी आणि बहुतेक इंग्रजीत असत. एखादं धृपद पटकन ओठावर बसण्यासारखं झालं की कोणीतरी हमखास म्हणायचं, हे जरा सोपं होतंय. मला मात्र तशीच गाणी आवडत. दुसऱ्यांदा ऐकताना आपणही म्हणू शकतो अशी. आणि कॉलेजात असल्यापासून अमेरिकन कंट्री गाणी मी एकटी असताना ऐकायचे. रस्ता, शेत, जुनी गाडी, घरी वाट बघणारं माणूस, एवढ्यावर ती गाणी चालतात. गिटारही त्यात घाई करत नाही. बोटात काचेची नळी घालून ती तारांवरून सरकवली की सूर हुंदक्यासारखा लांबतो, ते मला फार प्रिय. बँडच्या मित्रांना हे सांगितलं तेव्हा ते हसले होते, म्हणून पुन्हा विषय काढला नाही.

माझी मावशी रोहिणखेडला राहते. आईची धाकटी बहीण. काका आणि ती मिळून शेती करतात. पन्नाशी ओलांडल्यावर मावशी स्कूटी शिकली आणि तेव्हापासून राजूर घाट चढून दर आठवड्याला आमच्याकडे यायची, कधी वांगी, कधी तुरीच्या शेंगा घेऊन. त्या हिवाळ्यात ती अशीच आली, चहा प्यायली, आईशी बोलली आणि ऊन उतरायच्या आत निघाली. निघताना फाटकाशी उभी राहून तिनं काकांना फोन लावला. म्हणाली, "हाव, निंगून राह्यली मी. घाट उतरला की फोन नाई करत. चहा मांडून ठेवा."

ती गेली, पण ते वाक्य माझ्यापाशी राहिलं. त्यात एक चाल होती. मी आत जाऊन गिटार काढली. संध्याकाळपर्यंत एक धृपद जमलं होतं:

घाट उतरून राह्यली मी, चहा मांडून ठेवा
अंधार पडाच्या आत येतो, कवाड उघडं ठेवा

तीनच कॉर्ड. खाली कंट्रीची सरकती गिटार, वर अगदी पॉप गाण्याचं, टाळी वाजवत म्हणावं असं धृपद. मला इतका आनंद झाला की मी मागच्या खोलीत, गाद्यांच्या थप्पीसमोर लॅपटॉप ठेवून ते लगेच रेकॉर्डही केलं.

आई दारात येऊन कधी उभी राहिली ते मला कळलं नाही. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. देऊळघाटला तिनं बरीच वर्षं काढली. आमच्या घरात 'मला', 'तुला', 'कशाला' असंच बोलायचं, हा तिचा नियम. मी लहानपणी गल्लीतून 'मले' घेऊन घरी आले की ती रागवायची नाही, फक्त वाक्य पुन्हा म्हणायला लावायची. बहिणीशी फोनवर बोलतानासुद्धा ती प्रमाण मराठीच बोले आणि पलीकडून मावशीची वऱ्हाडी धो धो वाहत असे. दोघींना त्याचं काही वाटत नसावं असं मी धरून चालले होते.

मी हेडफोन काढला आणि विचारलं, कसं वाटलं? तिनं पदरानं हात पुसले आणि ती पलंगाच्या कडेला बसली. मग तिनं मला एक गोष्ट सांगितली, जी आधी कधी सांगितली नव्हती. नोकरी लागल्यावर तिला पुण्याला एका प्रशिक्षणाला पाठवलं होतं. विहारात जयंतीला गाणी म्हणणाऱ्या माणसाची ही मुलगी, गावातून शिकून मास्तरीण झालेली, पहिल्यांदा एवढ्या लांब गेली. ओळख करून देताना तिच्या तोंडून 'मले' गेलं. सगळा वर्ग हसला. जेवणाच्या सुट्टीत बायका तिच्याभोवती जमून म्हणाल्या, बोला ना अजून, किती मजेशीर वाटतं. तिनं त्यांना बोलून दाखवलं. नाही कसं म्हणायचं हे तिला तेव्हा कळत नव्हतं. परत आली ती बोलणं बदलून.

"माझ्या बोलण्यावर ते लोक हसले," ती म्हणाली. "आता तू तेच बोलून त्यांच्या टाळ्या घेणार?"

मी म्हणाले, मी थट्टा नाही करत, आई. ती म्हणाली, तू करत नसशीलही. आणि भाजी चिरायला उठून गेली.

गाणं मी ड्रमरला पाठवून दिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. त्याला ते खूप आवडलं होतं. फार गोड आहे, म्हणाला, आणि तो बोलीचा झटका अजून थोडा वाढव, लोक वेडे होतील. तो मनानं चांगला मुलगा आहे आणि त्यानं हे कौतुकानंच लिहिलं होतं. पण मी ते वाचलं आणि आईला ते जेवणाच्या सुट्टीतलं कोंडाळं कसं वाटलं असेल, ते मला जाणवलं. रेकॉर्डिंग पुन्हा लावून ऐकलं तर 'राह्यली' मी चांगलंच ताणून म्हटलं होतं. मावशी काही असं ताणत नाही. मीच मावशीचं सोंग काढून गात होते.

मग बरेच दिवस गिटार भिंतीला टेकून राहिली. वडिलांबरोबर मी सकाळी फिरायला जात होते. ते वीज खात्यातून निवृत्त झालेले, बोलणं कमी. एकदा तेवढं म्हणाले, तुझ्या आईला गाणं आवडलं नाही असं समजू नकोस, तिला भीती वाटली.

पुढे मी मावशीकडे राहायला गेले. कापसाची शेवटची वेचणी चालली होती. मीही वेचलेला कापूस टाकायची ओटी कंबरेला बांधून तिच्याबरोबर ओळीत लागले, माझा वेग पाहून ती हसली. वेचता वेचता मी तिला विचारलं की तू दहावीनंतर का नाही शिकलीस. तिनं हात न थांबवता सांगितलं. बाई, म्हणजे माझी आई, शिकायला गेली तेव्हा घरी आजी अंथरुणाला खिळलेली होती. कोणीतरी थांबणं भाग होतं. "बाई हुशार होती, तिले जावंच लागत होतं," मावशी म्हणाली. "मले कोणी पुसलं नाई, बस."

त्यात तक्रार नव्हती. पुढच्या झाडाकडे सरकून ती दुसरंच काही सांगू लागली. मी मात्र दिवसभर तेवढंच घेऊन फिरत होते. ज्या शिक्षणासाठी आईनं बोली सोडली, त्याच शिक्षणासाठी मावशी घरी थांबली होती, आणि बोली तिच्याकडे राहिली होती.

बुलढाण्याला परतल्यावर त्याचं गाणं केलं. संथ, घाटाच्या गाण्याहून निम्म्या वेगाचं. पण लिहिताना मी धीर सोडला आणि सगळं प्रमाण मराठीत लिहिलं. कोणाला हसू यायला नको. आईला म्हटलं, एक ऐकतेस का, आणि स्वयंपाकघरातच स्टुलावर बसून म्हणून दाखवलं. 'मला कुणी विचारलं नाही, तुला शिकायचं का' या ओळीपाशी आईनं हात वर केला, वर्गात थांबवतात तसा.

"कोणाचं आहे हे?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. ती ओटा पुसायला लागली. मग म्हणाली, "तिनं असं म्हटलं नसेल."

"मग कसं?"

"मले कोणी पुसलं नाई," आई म्हणाली, "तुले शिकाचं हाये का."

आवाजात ताण नव्हता, झटका नव्हता. पाण्याचा पेला मागावा तसं म्हटलं तिनं. माझ्याशी बोलताना तिच्या तोंडून वऱ्हाडी मी पहिल्यांदा ऐकली. मी ती ओळ तशीच म्हणायचा प्रयत्न केला. पुन्हा ओढलं जात होतं. ती म्हणाली, 'मले'वर जोर देऊ नकोस, जोर 'कोणी'वर आहे. तिचं दुःख 'मले'त नाही, 'कोणी'त आहे. त्या दुपारी आम्ही ती एक ओळ धरून बसलो होतो आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या. वरण खाली लागलं. वडिलांनी ते मुकाट्यानं खाल्लं.

तिथून काम सरळ झालं. मी ओळी आणायचे, आई त्या तपासायची. घाटाचं गाणंही नव्यानं गायले, सोंग काढून टाकून. धृपदात दुसरा आवाज मला मावशीचाच हवा होता, म्हणून मी लॅपटॉप घेऊन रोहिणखेडला गेले. ती आधी नको म्हणाली, मग डोक्यावरचा पदर नीट करून माईकसमोर उभी राहिली, जणू फोटो काढायचा आहे. सुरात पक्की होती. काका अंगणात बसून कोंबड्या हाकत होते, तरी एक कोंबडी रेकॉर्डिंगमध्ये आलीच. ती मी काढली नाही.

गायकाचा आवाज परत यायच्या बेतात असताना पुण्यातल्या एका छोट्या सभागृहात आमची संध्याकाळ ठरली. अर्धा वेळ बँडची वाद्यांची गाणी आणि अर्धा वेळ माझं हे वेगळं काम. मी आईला बोलावलं, येईल असं वाटलं नव्हतं. ती आली, वडिलांबरोबर. मावशी काही आली नाही, म्हैस विणार होती. आई तिसऱ्या ओळीत बसली, शाळेच्या गॅदरिंगला नेसायची ती फिकट निळी साडी नेसून.

घाटाच्या गाण्याला लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. 'राह्यली'ला हसू आलं, पण ते मोकळं होतं आणि गाणंही हसरंच होतं. मग मी संथ गाणं सुरू केलं. 'मले कोणी पुसलं नाई' म्हटलं आणि उजवीकडून पुन्हा हसू आलं. माझा हात तारांवर सैल पडला. पुढची ओळ आठवेना. मी आईकडे पाहिलं.

ती माझ्याकडे बघत नव्हती. ती मान वळवून, हसणाऱ्यांच्या दिशेनं बघत होती. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. वर्ग शांत होईपर्यंत बाई थांबतात, तशी ती थांबली होती. मीही थांबले. सभागृह शांत झालं. मग मी ती ओळ पहिल्यापासून घेतली आणि जोर 'कोणी'वर ठेवला. गाणं संपलं तेव्हा टाळ्या जरा उशिरा आल्या.

बाहेर वडील रिक्षा शोधत होते. मी आईला म्हटलं की तू आलीस आणि नेमकं तेच झालं, मला वाईट वाटलं. तिनं माझ्या गिटारच्या पिशवीचा निघालेला पट्टा खांद्यावर बसवून दिला.

"दोघंतिघंच हसले," ती म्हणाली. "बाकीचे ऐकत होते. आमच्या वेळी सगळे हसले होते."

त्याला आता काही काळ झाला. गायक पुन्हा गातो, बँडची गाणी पुन्हा लांब झाली आहेत आणि मी त्यात आनंदानं वाजवते. वऱ्हाडी गाणी पाच झाली, इंटरनेटवर ठेवली आहेत, फार लोक ऐकत नाहीत. रोहिणखेडला मात्र मावशीच्या फोनची रिंगटोन तिचाच आवाज आहे आणि मोताळ्याच्या बाजारात तिला कोणी 'चहा मांडून ठेवला का' असं चिडवलं की ती खूश होते. आई माझ्याशी पूर्वीसारखंच 'मला-तुला' बोलते.

मागच्या महिन्यात घरी गेले तर तिनं मला एक गाणं म्हणून दाखवलं. तिनं स्वतः रचलेलं, देऊळघाटच्या शाळेतल्या पहिल्या दिवसावर. सगळं शुद्ध मराठीत. मी म्हटलं, हेही वऱ्हाडीत करू या का? ती नाही म्हणाली.

"ही भाषाही माझीच आहे," ती म्हणाली. "मी कमावलेली."

त्याला चाल लावायचं काम आता माझ्याकडे आहे. काचेची नळी घालून करून पाहिलं, जमत नाही. तिच्या शब्दांच्या कडा स्पष्ट आहेत, घसरत्या सुरात त्या पुसट होतात. काल बोटांनी एकेक तार सुटी छेडून पाहिली, ते थोडं जवळ आलं. फोनवर ऐकवलं तर आई म्हणाली, अजून जरा सावकाश, पहिल्याच दिवशी कोणी इतकं भराभर शिकवत नाही.