कपाटातल्या बातम्या

अर्ज सकाळपासून अर्धवट उघडा होता. नाव, पत्ता, अनुभव, सगळं भरून झालं होतं. घोडं अडलं होतं ते शेवटच्या रकान्यात. तिथे आवाजाचा नमुना जोडायचा होता.

बाई रेडिओवर बातम्या वाचायच्या. स्टेशनला टाळं लागून वर्ष उलटलं, तरी गल्लीत त्यांना अजून बातमीवाल्या बाईच म्हणतात. टाळं लागायच्या आधी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि आवाज खाली उतरून खरखरीत झाला होता. स्टेशनने सांभाळून घेतलं. पुढे कुणी घेतलं नाही. कुठून नकार आला, कुठून तेवढाही आला नाही. आता मोबाइलवर बातम्या ऐकवणारी एक कंपनी वाचणारे शोधत होती, आणि हा आपला शेवटचा अर्ज, असं बाईंनी ठरवून टाकलं होतं. दमल्या होत्या त्या. सारखी स्वतःची ओळख करून देत बसलं की माणसाला स्वतःचाच कंटाळा येतो.

दुपारी कानसेनचा फोन आला. जुन्या स्टेशनात हा रेकॉर्डिंग करायचा, आता याच कंपनीत होता.

"ताई, वेबसाइटवर भरूच नका. तिथे ढीग पडलाय, कोण ऐकतंय? तुमचं ऑपरेशनच्या आधीचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. तेच साहेबांपुढे सरकवतो."

"आणि कामाला लागल्यावर? तेव्हा तोंड उघडावंच लागेल की."

"घसा बसलाय म्हणायचं. एकदा आत आलात की कोण बाहेर काढतंय?"

माणूस मनाचा भला, आणि बोलणंही अगदीच खोटं नव्हतं. त्याने रेकॉर्डिंग पाठवलं, बाईंनी लावलं. स्वच्छ, टवटवीत आवाज खोलीभर झाला.

"ही नवीन कोण आली गं?" आतून सासूबाईंनी विचारलं. त्यांना दिसायचं कमी झालं होतं, आठवणही अधूनमधून दगा द्यायची. कान मात्र शाबूत होते. "बरी वाचते. पण कानात वारं भरल्यासारखी पळते."

"मीच आहे, आई."

"काहीतरीच. तुझा आवाज मला कळत नाही होय?"

एरवी बाई हसल्या असत्या. आज हसू आलं नाही. त्यांनी मोबाइल बंद केला, कालचं वर्तमानपत्र उचललं आणि कपाटात शिरल्या.

यात वेडेपणा काही नाही. घरी रेकॉर्डिंग करायचं तर लटकलेल्या कपड्यांत बसावं, आवाज घुमत नाही, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. नाकाशी जुना कोट, डांबरगोळ्यांचा वास, गुडघे पोटाशी. बाई वाचू लागल्या. मध्येच आतून सासूबाई खोकल्या, चांगल्या दणदणीत. दुसरं कुणी थांबून पुन्हा सुरुवात केली असती. पण थेट बातम्यांत थांबायचं नसतं. खुर्ची मोडो, दिवे जावोत, वाक्य पुरं करायचं. जन्मभराची खोड ती. बाई वाचत राहिल्या आणि शेवटी सवयीने म्हणाल्या, "बातम्या संपल्या."

ऐकून पाहिलं. खोकला स्पष्ट होता. आवाज थकलेला होता, पण कुठे पळत नव्हता. पुन्हा कपाटात शिरणं जिवावर आलं, आणि खरं सांगायचं तर पुन्हा वाचावंसं वाटलंही नाही. त्यांनी तेच वेबसाइटवर जोडलं आणि अर्ज त्या ढिगात सोडून दिला. मग कानसेनला कळवलं, "जुनं पुढे देऊ नकोस. मी आजचं पाठवलंय."

सासूबाईंना पाणी द्यायला त्या आत गेल्या. उशाशी मुका रेडिओ होता. म्हातारी रोज त्याचा कान पिरगाळायची आणि खरखर ऐकून बंद करायची. आज तिने त्याला हातही लावला नव्हता.

"आज उशिरा लागल्या तुझ्या बातम्या," ती म्हणाली. "मध्यंतरी लागतच नव्हत्या. मला वाटलं, रेडिओ बिघडला."

बाई पेला हातात धरून खाटेच्या कडेला टेकल्या.

"नाही, आई," त्या म्हणाल्या. "मीच जरा बंद होते."