इंद्रभानची जीप आणि पुलीचा प्रश्न

इंद्रभानच्या जीपमध्ये एक वेळ कोंबडी चालायची, पण पेपर सुटल्यावर उत्तरं जुळवलेली चालत नसत. वर्षभर रिसोड-वाशीम रस्त्यावर सवाऱ्या वाहणारा हा माणूस डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेच्या दिवशी गावच्या पोरांना केंद्रावर नेऊन आणायचा. जाताना पोरं मुकाट असत. येताना प्रश्नपत्रिका उघडल्या की अर्ध्या रस्त्यात कुणीतरी गळा काढी, मग गाडी चालवायची की समजूत काढायची? सात वर्षं हे रडगाणं ऐकून तो पार विटला होता. परीक्षा तीन तासांची, आणि हिचं कवित्व रिसोड येईपर्यंत!

यंदा मात्र त्यानं स्वतःच नियम मोडला. मागच्या सीटवर त्याची योगिनी होती. तिची ही दुसरी खेप. या वेळीही जमलं नाही तर डॉक्टरकीचा नाद सोडायचा आणि वाशीमला बीएस्सीला नाव घालायचं, असं बापलेकीचं ठरलं होतं. त्यामुळे तिच्या शेजारी बसलेल्या विकासनं प्रश्नपत्रिका उघडली तेव्हा इंद्रभान ओरडला नाही. कान मागे लावून बसला.

विकासची तऱ्हा आणखी निराळी. तो प्रश्न वाचायचा, प्रत्येकानं आपलं उत्तर सांगायचं, आणि ज्या उत्तराला जास्त हात वर होतील ते बरोबर!

"अरे, परीक्षा हाय का ग्रामपंचायत?" इंद्रभान वैतागला.

"काका, चार जनाचं एकसारखं चुकते काय?"

विकास धरून हे चौघं रविकांत सरांच्या एकाच शिकवणीतले. योगिनी तेवढी घरी बसून अभ्यास केलेली. पहिल्याच प्रश्नाला चार हात एकीकडे आणि ती एकटी दुसरीकडे झाली. पुढे मात्र तिची गाडी रुळावर आली. विकासनं विचारायचं, चौघांनी सांगायचं आणि योगिनीनं "मायंबी तेच" म्हणायचं. इंद्रभानच्या जिवात जीव आला. निम्म्या रस्त्यात चहाला थांबल्यावर त्यानं घाईघाईनं बायकोला, सोजरबाईला फोन लावला. "पोरीनं नाव काढलं! हुशार पोराइच्या बरोबरीनं उत्तरं जुळून राह्यले!"

तेवढ्यात पुलीच्या प्रश्नावरून हॉटेलात गलका झाला. चौघांचं उत्तर आठ, योगिनीचंही आठ. विकासला खात्रीच करून घ्यायची होती, म्हणून त्यानं सरांना फोन लावून प्रश्न वाचून दाखवला. सरांनी दोन मिनिटं घेतली आणि ते फोनमधूनच खेकसले, "गधड्याहो, पुलीलेबी वजन देल्लं हाय ना त्यात! ते कोन धरीन? उत्तर सहा."

चौघांची तोंडं उतरली. योगिनी कपात पाहत राहिली. तिची प्रश्नपत्रिका बाकावर पडली होती. इंद्रभाननं सहज चाळली. पुलीचं चित्र ओळखायला डॉक्टर व्हावं लागत नाही. चित्राखाली पेनानं गोल केलेला आकडा होता सहा.

त्यानं पोरीला हाताला धरून जीपच्या मागे नेलं. "तुयं तर सहाच हाय! मंग आठ काहून सांगतलं?"

ती जीपमध्ये चढायला लागली.

"चाल, आता तरी सांग त्याइले!"

"आता सांगतलं तर म्हनतीन, सरचं आयकून बदललं."

तेही खरंच होतं, म्हणून इंद्रभान आणखी चिडला. "असे सारे मिळून किती हायेत?"

"सतरा."

"सतरा!" त्यानं कपाळावर हात मारला. सतरा प्रश्नांत लागायचा नंबर जातो आणि जायचा नंबर लागतो, एवढं सात वर्षांत त्याला कळलं होतं. पुलीचा सोडला तर बाकीचे बरोबर की चूक, हे आता चारचौघांत सरांनाही विचारता येणार नव्हतं. "अन् मी तुया मायले सांगून बसलो! कायले खोटं बोलली? त्या पोट्ट्याइले भेली काय?"

"पयल्या प्रश्नाले मायं एकटीचं येगळं निघालं, तवा तुमी हार्न वाजवला, बाबा," योगिनी म्हणाली. "रस्त्यावर कोनीच नोतं."

स्वतःचाच इतका संताप इंद्रभानला कधी आला नव्हता. त्यानं पुन्हा फोन लावला. "मंगाशी मी सांगतलं ते खरं नाही," एवढंच सोजरबाईला म्हणाला. मग फोन पोरीच्या हातात दिला.

"आई, सतरा ठिकानी मायं उत्तर येगळं हाय," योगिनी म्हणाली. मग तिकडचं ऐकून घेऊन हळूच बोलली, "हो, एकटीचंच."