नळीमागचा मासा

पहाटे चारला वाफ्याचा दिवस सुरू व्हायचा. इस्पितळाच्या धुलाईखान्यात तो बॉयलर सांभाळायचा. मी शेजारी चादरी पिळायच्या यंत्रावर. आम्ही बाकीचे सहाला पोचायचो तेव्हा वाफ तयार असायची. नसली असं कधी झालं नाही, म्हणून नाव वाफ्या.

बायको लवकर गेली. मुलीला त्याने एकट्याने वाढवलं. ती नोकरीसाठी परगावी गेली आणि तिची माशांची टाकी मागे राहिली. आत नियॉन जातीचे दहा-बारा मासे. बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळी रेघ, शेपटीकडे लाल. वळले की सगळे एकदम वळायचे. जाताना ती म्हणाली, "बाबा, नुसतं खायला घालू नका, साफही ठेवा."

साफ ठेवण्याची वाफ्याला एकच रीत माहीत. बॉयलर रिकामा करायचा, खरवडायचा, कणभर गाळ ठेवायचा नाही. टाकीचंही त्याने तेच केलं. मासे बादलीत काढले, खडे घासले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळपिळून धुतला, सगळं पाणी ताजं भरलं. काच अशी लखलखली की मला मुद्दाम बोलावून दाखवली.

आठवड्यात एक सोडून सगळे मेले.

मासे विकणारा दुकानदार म्हणाला, "काका, त्या स्पंजातला मळच पाणी राखत होता. माशांच्या घाणीचं विष होऊ देत नव्हता. तो पुन्हा धरायला महिना तरी जाईल. तोवर नवे टाकू नका."

"आणि हा एक?"

"ही कळपाची जात. एकटा पडला की अन्न सोडतो. टिकला तर टिकला."

मासा फिल्टरच्या नळीमागे दडून राहायचा. रंग उडालेला. वाफ्या रोज थोडं पाणी बदलायचा, तेही आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. नळ खाली, खोली तिसऱ्या मजल्यावर. गुडघे कुरकुरायचे, बादली चढायची. मग टाकीसमोर खुर्ची ओढून तो ताट मांडीवर घ्यायचा.

एकदा गेलो तर ताट भरलेलं तसंच.

"जेव की."

"त्याने अजून खाल्लं नाही."

"अरे, मासा आहे तो, जावई नाही."

तो हसला नाही. "पोरीला सांगितलं नाही अजून. फोनवर आधी त्यांचंच विचारते."

काही दिवसांनी मासा नळीमागून आला, एक कण उचलून परत गेला. वाफ्याने हे मला धुलाईखान्यात, यंत्राच्या आवाजात, कानाशी तोंड आणून सांगितलं.

महिना सरला आणि निवृत्तीचं वय झालं म्हणून वाफ्याची नोकरीही सरली. शेवटचा पगार घेऊन तो थेट दुकानात गेला, मी सोबत. घरी नव्या माशांची पिशवी टाकीत तरंगत ठेवली आणि दोन्हीकडची ऊब सारखी होईपर्यंत हात लावला नाही. मग मासे सोडले. जुना, एव्हाना रंग परत आलेला, बराच वेळ नळीमागेच होता. नंतर आला, त्यांच्या मागे लागला, आणि सगळे एकदम वळले.

"आपला कुठला रे?" वाफ्या काचेला नाक लावून बघत होता.

मलाही सांगता येईना.

त्याने मुलीला फोन लावला, झालं ते सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही खरवडल्याशिवाय राहणार नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं." मग विचारलं, "जेवलात का?"

"जेवतो."

तो जेवला. खुर्ची तिथेच होती, पण बघायचं कुणाकडे ते आता ठरत नव्हतं. जन्मभर पहाटे चारला उठलेल्या माणसाच्या शेवटच्या पगारातून घरात आले ते पिशवीभर पाण्यातले दहा मासे.