खळ पाजलेलं खोकं

लकव्यात बाबांची डावी बाजू गेली. जीभ जराशी जड झाली, पण बोलणं शाबूत राहिलं आणि उजवा हातही. बाबा विणकर. हातमाग बंद पडला तेव्हा त्यांनी फार मनाला लावून घेतलं नव्हतं, पण ढोलकी सुटली ते मात्र सोसेना. भजनी मंडळात तीस वर्षं तेच वाजवत आले होते. ढोलकीला दोन तोंडं आणि यांच्याकडे हात उरला एक.

खाटेजवळ तांब्या ठेवायला संत्र्याची रिकामी पेटी होती. तिच्यावर त्यांची बोटं दिवसभर चालत. ऑफिसातून दमून आल्यावर मी वैतागायचे. मग एकदा डोक्यात आलं, एका हातानं वाजेल असं लाकडी खोकंच का करू नये? श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी भजन आमच्याकडे होतं. त्या दिवशी बाबांनी वाजवायचं, असा मी चंगच बांधला.

मागाच्या उरलेल्या फळ्या जोडल्या, मागे भोक पाडलं, समोर पातळ प्लायवूड लावलं. दोनदा अंगठा ठेचला तेव्हा गल्लीतल्या सुताराला दया आली. त्यानं कडा रंध्यानं सारख्या करून दिल्या आणि बजावलं, "ताई, समोरच्या फळीले पाणी नका लागू देऊ."

सोमवारी सकाळी खोकं बाबांसमोर ठेवलं. त्यांनी थाप मारली. आवाज छान निघाला, पण ते खूश दिसेनात.

"कोरं हाय वं हे. खळ पाज त्याले. कोरं सूत कोनी मागावर चढवते काय?"

"बाबा, हे सूत नाही, लाकूड आहे. आणि श्रावणात कोण खळ पाजतं?"

"आज ऊन हाय न. वाळून जाईन."

ऊन खरंच पडलं होतं. विणकराच्या पोरीला श्रावणातल्या उन्हाचा भरवसा किती, हे काय सांगायला हवं? पण त्यांनी सुताला खळ लावायचा जुना कुंचा मागितला, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर कामाचा भाव आला. मला नाही म्हणवेना. मी तांदळाच्या पिठाची चिकट खळ शिजवली. त्यांनी एका हातानं, कडेपासून कडेपर्यंत, सुतावर फिरवावा तसा कुंचा फिरवला.

दुपारी आभाळ भरून आलं.

संध्याकाळी मंडळी जमली. नव्या ढोलकीवाल्यानं आपणहून हात थांबवला. बाबांनी थाप मारली. ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज आला. त्यांनी पुन्हा मारली, मग आणखी जोरात. कुणीतरी उगाच खाकरलं. बाबांनी हात मांडीवर ठेवला आणि हळूच म्हणाले, "हातातला नाद गेला."

खळ ओली आहे हो, एवढंच सांगायचं होतं. पण खळही त्यांच्याच हातची. जन्मभर ज्या हातानं खळ पाजली तो चुकला म्हणू, की ज्या हातानं ढोलकी वाजवली तो गेला म्हणू? मी घाईघाईनं म्हणाले, "लाकूडच खराब निघालं, बाबा."

त्यांनी मान हलवली. त्यानंतर त्यांनी ना खोक्याला हात लावला, ना संत्र्याच्या पेटीला. थंडीत दुसरा झटका आला आणि उजवा हातही गेला.

खोकं खिडकीखाली पडून होतं. मी त्यावर धुतलेले कपडे ठेवायचे. मे महिन्यात, घरातली भांडीसुद्धा हाताला चटका देत होती तेव्हा, धूळ झटकताना माझी बोटं त्याच्यावर आपटली. आवाज असा मोकळा, गोल आला की मी दचकले. खळ कडक वाळली होती. फळी ताणली गेली होती. मी पुन्हा वाजवलं.

"कोन वाजवून राहिलं?" खाटेवरून बाबांनी विचारलं.

"मी. बाबा, ऐकता ना? तुमची खळ बरोबर होती. तेव्हा नुसती ओली होती. तुमच्या हाताला काही झालं नव्हतं!"

ते माझ्याकडे पाहून हसले. लहान मूल समजूत घालायला येतं तेव्हा हसतात तसं.

"तवा तं लाकूड खराब म्हनत होती न वं," ते म्हणाले. "वाजव. तुया हातात नाद हाय."

मला एकही ठेका येत नव्हता. मी वाजवत राहिले.