शोभेचा वाचक

ऑक्टोबरात लालबागला जो घाम येतो तो मे महिन्यातही येत नाही. इस्त्रीचा शर्ट जिना उतरेपर्यंत पाठीला चिकटतो. अशा दिवसांत परळच्या बाजूला एका कॅफेने काचेवर पांढऱ्या अक्षरांत लिहून टाकलं, की शरद ऋतू आलेला आहे, आत या, पांघरूण घ्या, पुस्तक घ्या आणि गरमागरम काहीतरी प्या. आत एसी असा मरणाचा वाढवलेला की माणूस कुडकुडलाच पाहिजे, आणि कुडकुडला की त्याला द्यायला टोपलीत घड्या घालून ठेवलेल्या लोकरीच्या शाली. म्हणजे थंडीही यांचीच आणि ऊबही यांचीच. कॉफीत दालचिनी आणि लाल भोपळा. घरी भोपळ्याची भाजी केली की ताट सरकवणारी मंडळी तिथे तोच भोपळा डोळे मिटून पीत होती. छताला लाल-पिवळी प्लास्टिकची पानं टांगलेली. ती कुठल्या झाडाची हे कॅफेवाल्यांनाही ठाऊक नसावं. आमच्याकडे लाल होऊन गळतात ती बदामाची पानं, तीही थंडी सरताना, आणि ती झाडणारी बाई रोज सकाळी त्या झाडाला शिव्या घालते.

हा कॅफे जुन्या गिरणीच्या आवारात आहे असं सांगितलं की लोकांचे चेहरे लगेच हळवे होतात. तसं करू नका. माझे वडील गिरणीत होते, पण या नाही, दुसऱ्या. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी भायखळ्याला एका औषधांच्या दुकानाचा काउंटर सत्तरीपर्यंत सांभाळला. जुन्या दिवसांच्या नावाने उसासे टाकण्याची त्यांना सवय नाही. त्यांना सवय एकच, वाचायची.

तर ऑफिसात एक दिवस शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मोबाइल माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "हे तुमचे बाबा ना?" फोटोत ती प्लास्टिकची पानं होती, मंद पिवळे दिवे होते, आणि मऊ गुबगुबीत खुर्चीत गुडघ्यांवर लोकरीची शाल घेऊन माझे बाबा वाचत बसले होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंड किंचित उघडं. खाली शेकडो लोकांनी लाइकचे लाल बदाम टाकले होते. कुणी लिहिलं होतं की याला म्हणतात आयुष्य. कुणी लिहिलं होतं, मलाही असे आजोबा हवेत. बाईंनाही फार कौतुक वाटत होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

बाबा तिथे का जाऊन बसले ते मला कळत नव्हतं असं नाही. आमची चाळ पाडली. टॉवर होईपर्यंत आम्ही काळाचौकीला दोन खोल्यांत भाड्याने राहतो. बायको सकाळी शिकवण्या घेते, मुलगी दुपारपासून लॅपटॉपवर मीटिंगला बसते, संध्याकाळी टीव्ही असतो. या सगळ्यात बाबा म्हणजे सतत कुणाच्या तरी आड येणारी वस्तू. बाबा, जरा उठता का, केर काढायचाय. बाबा, जरा तिकडे सरका, मागे तुम्ही दिसताय. बाबा, जरा उठा, कपाट उघडायचंय. कुणी वाईट बोलत नाही. सगळे ‘जरा’ म्हणतात. पण वाचता वाचता माणसाला असं सारखं उठवलं की तो पुढे ओळी नुसत्या बघतो, वाचत नाही. पूर्वी बाबा वाचनालयात जाऊन बसायचे. वाचनालयाचीही इमारत पाडायला काढली आणि पुस्तकं तात्पुरती खोक्यांत गेली. आपल्याकडे तात्पुरतं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे.

आणि हे नेमकं दिवाळीच्या तोंडावर झालं. वाचनालयाची दिवाळी अंकांची योजना असायची. एकदा पैसे भरले की अंक बदलून बदलून घ्यायचे, आणि नाताळच्या आत सगळे वाचून मोकळं व्हायचं, कारण नाताळनंतर ती योजना बंद. बाबांनी ही शर्यत जन्मभर लावली. योजना गेली तरी नाताळची मुदत त्यांच्या अंगात राहिली. या वर्षी त्यांनी पदरचे पैसे घालून अंकांचा गठ्ठा आणला.

दिवाळी अंकांचं मला काडीचं कौतुक नाही. निम्मा अंक बँकांच्या आणि उटण्यांच्या जाहिरातींचा, उरलेल्यात वार्षिक भविष्य, आणि मग तीच ती मंडळी आपल्या परदेश प्रवासात काय खाल्लं ते सांगणार. परंपरा परंपरा म्हणून गळा काढणारे आमच्या ओळखीतले पुष्कळ जण अंक विकत घेतात, टीपॉयवर पंख्यासारखे पसरून ठेवतात आणि पुढच्या गणपतीत रद्दीत घालतात. कॅफेतल्या पानांत आणि त्यांच्या टीपॉयवरच्या अंकांत मला फरक दिसत नाही. बाबा मात्र वाचतात. पहिल्या जाहिरातीपासून शेवटच्या पानापर्यंत. अनुक्रमणिकेत प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने शेरा मारतात. बहुतेक ठिकाणी ‘भिकार’ लिहिलेलं असतं. क्वचित कुठे ‘बरा’. भिकार असेल तर वाचता कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "वाचल्याशिवाय कळतला कसा?" म्हणाले.

ऑफिस सुटल्यावर मी तडक कॅफेत गेलो. मॅनेजर मुलगी पंचविशीची, एप्रनवर पानाचा बिल्ला लावलेली. मी ओळख सांगितली तशी तिचा चेहरा खुलला.

"सर, अंकल म्हणजे आमच्या कॉर्नरची जान आहेत! पहिल्या दिवशी नुसतं पाणी मागायला आले होते. मी म्हटलं, बसा ना. एका कस्टमरने फोटो काढला आणि काय सांगू, दुसऱ्या दिवसापासून लोक तो कॉर्नर शोधत यायला लागले. आता मीच त्यांना सांगितलंय, रोज या. चहा आमच्याकडून."

"आणि शाल?"

"ती प्रॉप आहे सर, फोटोपुरती."

बाबांनी मला पाहिलं, पान संपवलं, मगच मान वर केली. मी म्हटलं, "बाबा, घरी चला. तुम्हाला इथे शोभेला बसवलंय. पुतळा केलाय तुमचा."

"मग? पुतळ्याक चाय देतत?"

"लोक हसतायत."

"कोण हसता? सगळे गप आसत." त्यांनी आजूबाजूला बोट फिरवलं, आणि मग खालच्या आवाजात, मला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाले, "हय माका कोण ऊठ म्हणत नाय."

मी एकटाच परत फिरलो. घरी आल्यावर मी बायकोवर उगाचच खेकसलो.

नोव्हेंबरभर तो तमाशा चालला. रोज दुपारी बाबा पिशवीत दोन अंक घालून निघायचे, एखाद्या नोकरदार माणसासारखे. अधूनमधून मी मुद्दाम वाट वाकडी करून काचेतून बघायचो. शेजारच्या टेबलांवर तरुण पोरं-पोरी जाडजूड पुस्तकं आणून ठेवायची. पुस्तक उघडं, त्यावर चष्मा, चष्म्याशेजारी कॉफी, कॉफीशेजारी मेणबत्ती. मग खुर्चीवर उभं राहून वरून फोटो. फोटो झाला की पुस्तक बंद आणि दोन तास मोबाइल. एकीने तर फोटोसाठी पान उलटं करून, परत सुलटं करून, बोटाने दाबून धरलं होतं. त्या अख्ख्या दुकानात वाचणारा माणूस एकच होता, आणि त्याला त्यांनी सजावट म्हणून ठेवलं होतं.

डिसेंबर लागला तशी पानं उतरली आणि प्लास्टिकचं झाड उभं राहिलं. त्यावर कापूस. आता यांना नाताळ हवा होता, आणि बाबांकडून त्यांच्या मागण्या वाढायला लागल्या. आधी त्या मॅनेजर मुलीने सांगितलं, अंकल, या मॅगझिनचं कव्हर जरा भडक दिसतं, थीममध्ये बसत नाही. खरं होतं, कव्हरवर हिरव्या नऊवारीतली, नथ घातलेली बाई पणती घेऊन उभी होती. म्हणून बाबांच्या हातात एक इंग्रजी पुस्तक देण्यात आलं, गडद लाल कापडी बांधणीचं. बाबांनी ते मुकाट्याने घेतलं आणि त्याच्या आत अंक ठेवून वाचायला लागले. मग ती म्हणाली, अंकल, दाढी ठेवा ना, क्यूट दिसाल.

माझे वडील रोज सकाळी दाढी करतात. आई गेली त्या दिवशीही स्मशानातून आल्यावर त्यांनी आंघोळ करून दाढी केली होती आणि नातेवाइकांची बोलणी खाल्ली होती. त्या माणसाने एका कॅफेसाठी दाढी वाढवली. पांढरी, विरळ, हनुवटीवर दाट. मी रोज सकाळी ती बघायचो आणि चहा मला गोड लागायचा नाही.

"तुम्हाला काही वाटत नाही?" मी शेवटी एकदा विचारलं.

"खाजता," ते म्हणाले. "पण चार अंक वाचूचे रवलेत."

चोवीस तारखेला मी अर्धी रजा टाकून तिथे गेलो. खरं सांगायचं तर भांडायलाच गेलो होतो. दारातच पोरांची रांग, सगळ्यांना त्या खुर्चीशेजारी फोटो हवा होता. बाबांच्या डोक्यावर गोंड्याची लाल टोपी होती. एक मुलगी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून दात काढत होती, दुसरी फोटो काढत होती, आणि बाबा त्या लाल पुस्तकात मान घालून वाचत होते. मी रांगेत थांबलो, दुसरा उपाय नव्हता. माझा नंबर येईपर्यंत त्यांनी शेवटचं पान वाचलं, पिशवीतून पेन्सिल काढली, अनुक्रमणिकेत काहीतरी लिहिलं आणि टोपी सारखी केली.

"झालो," ते मला म्हणाले. "सगळे झाले. एकव सोडूक नाय."

कित्येक वर्षांत मी त्यांना इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. मला भांडता आलं नाही. त्या टोपीचा राग होता तो तसाच राहिला, पण त्या माणसाच्या तोंडावरचं समाधान खोटं नव्हतं आणि ते माझ्या घरात मिळालेलं नव्हतं, हेही मला स्वच्छ दिसत होतं.

येताना त्यांनी मला दादरला उतरायला लावलं आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानातून तीन खंडांची एक कादंबरी घेतली. एकेक खंड विटेएवढा. जानेवारीत हे काढतो, म्हणाले. दिवाळी अंकांपायी मोठं काही वाचायचं राहून जातं.

जानेवारी लागला तशी त्यांनी दाढी उतरवली आणि पहिला खंड पिशवीत घालून ते नेहमीच्या वेळी निघाले. अर्ध्या तासात परत आले. झाड खोक्यात घातलं होतं, कापूस, दिवे, शाली, सगळं भरून ठेवलं होतं, आणि ती खुर्ची भाड्याची होती, ती परत गेली होती. बाबा एका उंच स्टुलावर बसायला गेले तर त्या मुलीने अगदी गोड आवाजात सांगितलं, अंकल, जरा उठता का, हे टेबल बुक आहे.

हे त्यांनी सांगितलं तेही कुणाची तक्रार म्हणून नाही. खंड कपाटावर ठेवला, हात धुतले, आणि शिकवणीची पोरं बसली होती म्हणून जिन्यात जाऊन उभे राहिले. पुढचे चार-पाच दिवस मी तो खंड बघत होतो. दादरच्या दुकानदाराने घातलेली किमतीची चिठ्ठी पहिल्या पानातून हलली नव्हती.

मग मी गेलो. ज्या दुकानाला दोन महिने मनातल्या मनात शिव्या दिल्या, त्याच्या काउंटरसमोर हात बांधून उभा राहिलो. सगळीकडे पांढरा रंग, हिरवे ज्यूस, योगाच्या चटया. मी त्या मुलीला विचारलं, "जानेवारीत तुमची काय थीम असते?"

"फिटनेस, सर. फ्रेश, यंग, एनर्जी."

"त्यात बाबा कुठे बसतील?"

ती हसली. मी गंमत करतोय असं तिला वाटलं. मग माझा चेहरा पाहून ती ओशाळली आणि म्हणाली, "सर, पुढच्या ऑक्टोबरला नक्की बोलवू ना. अंकलना सांगा, दाढी सप्टेंबरपासूनच ठेवा."

"पुढच्या ऑक्टोबरपर्यंत थांबता येणार नाही," मी म्हटलं. "मागे, त्या बेसिनच्या बाजूला, एक साधी खुर्ची टाका. चहा नको. शाल नको. कॉफीचे पैसे रोज मी देतो. ते कुणालाही दिसणार नाहीत."

तिने मागे वळून बेसिनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उर्मटपणा नव्हता तिच्यात, तिला खरोखरच कळत नव्हतं.

"पण सर," ती म्हणाली, "दिसणारच नसतील, तर मग ते इथे बसून करणार काय?"