सुर्वे मिस्त्रींचा शनिवार

सुर्वे मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी मला तोंड आवरायला सांगितलं, आणि तेही मी एक शब्द बोललो नसताना. नुकत्याच कोरलेल्या पाटीवर पितळेचा भुगा पडला होता. कुणीही करील तसं मी वाकून फुंकर मारली. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "फुंक नका मारू, जोशी. हवेबरोबर थुंकी जाते. आज तुम्हाला नाही दिसणार, चार महिन्यांनी डाग दिसेल." मग त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. ग्वाल्हेरच्या त्या सरकारी वर्कशॉपमध्ये मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं काढली.

आमच्याकडे धातूवर अक्षरं कोरायची एक विलायती मशीन होती. एका बाजूला साच्यातल्या मोठ्या अक्षरांवरून सुई फिरवायची, की दुसऱ्या बाजूला गरगर फिरणारं टोक तीच अक्षरं लहान करून पाटीवर कोरत जाई. दोन्ही बाजूंना जोडणारे चार लोखंडी दांडे आणि त्यांचे सांधे, हाच तिचा जीव. सांध्यात कण अडकला की काना तिरका यायचा. अशी पाटी एखाद्या साहेबाच्या दारावर लागली तर साहेबाला ती जन्मभर सरळच दिसायची, मिस्त्रींना मात्र जिन्यावरूनच खटकायची.

म्हणून शनिवार. अर्ध्या दिवसानंतर सगळे घराकडे सुटत, तेव्हा मिस्त्री बोटातली अंगठी आणि मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवत आणि मशीन उघडत. आधी कोरडा ब्रश, मग रॉकेलचा बोळा, मग जुन्या धोतराचं धुतलेलं फडकं, शेवटी प्रत्येक सांध्याला तेलाचा एक थेंब. दुसरा थेंब पडला की ते पुसून काढत. "जास्त तेल म्हणजे धुळीला न्योता," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की माझ्या बायकोलाही ते पाठ झालं. माझं लग्न शनिवारी होतं. मिस्त्री आले, पण मशीन पुसून, पंगत उठता उठता. अंगाला रॉकेलचा वास येत होता. माझ्या सासऱ्यांनी त्यांना गॅसबत्तीवाला समजून मांडवातली विझत चाललेली बत्ती दाखवली. मिस्त्रींनी ती मुकाट्याने दुरुस्त केली आणि मग जेवायला बसले.

माणूस गोड नव्हता, हेही सांगायला हवं. नऊ वर्षांत त्यांनी माझी स्तुती केल्याचं मला आठवत नाही. चूक झाली की ओरडत नसत. पाटी माझ्यासमोर ठेवून निघून जात, आणि ती कुठे चुकली हे माझं मला शोधावं लागे.

त्यांचे पूर्वज सैन्याबरोबर दक्षिणेतून आलेले. दाल बाजारामागच्या त्यांच्या दोन खोल्यांत भिंतीवर एक तलवार होती. खंडेनवमीला घरी तलवारीची आणि वर्कशॉपमध्ये मशीनची पूजा होई. मिस्त्री टेबलाच्या पायाला कुंकवाचं एक बोट लावत, बस्स. एका वर्षी नव्याने आलेल्या भाविक साहेबांनी मूठभर अक्षता आणि हळदकुंकू थेट सांध्यांवर उधळलं. मिस्त्रींनी हात जोडले, पेढा खाल्ला, आणि दसऱ्याची सुटी चिमट्याने तांदळाचे दाणे वेचण्यात घालवली. मी साहेबांवर चिडलो होतो. ते म्हणाले, "साहेबाची भक्ती खरी आहे. जागा गलत आहे."

संस्थान विलीन झालं आणि मध्यभारत प्रांत आला, तेव्हा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांमध्ये कुणी हळहळत होतं, कुणी पेढे वाटत होतं. मिस्त्रींना कुणी मत विचारलं की ते विचारत, "पाट्या किती, ते सांगा." सगळ्या खात्यांची नावं बदलली होती आणि पितळ मिळत नव्हतं. मिस्त्रींनी जुन्या पाट्या उलट्या करून पाठीमागे नवी नावं कोरली. आठेक वर्षांनी मध्यभारतही गेला, नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला ठरली. तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पाटीला दोनच बाजू असतात. हे वरती कोणी विचारलं नाही, असं लागतं."

आमच्यावर संकट आलं ते याच वेळी. चालू स्थितीतली यंत्रं भोपाळला जाणार आणि नादुरुस्त असतील ती इथेच राहणार, असा हुकूम निघाला. मशीन गेली की आमचा विभाग बंद. आम्ही चौघे कुठे फेकले जाऊ याचा पत्ता नाही. मिस्त्रींची नोकरी दीड वर्ष उरली होती आणि निवृत्तीला आलेल्यांची बदली होणार नव्हती. म्हणजे मशीन जाणार आणि ते मागे राहणार. पॉलिशवाल्या रामदीनने तोड काढली: तपासणीपर्यंत मशीन साफच करायची नाही. सांधे अडकले की अधिकारी 'नादुरुस्त' लिहून जाईल; मशीनही राहील, आम्हीही राहू. हे मिस्त्रींना सांगायचं काम माझ्याकडे आलं. दाणा ओळी मोहल्ल्यातलं माझं घर, म्हातारे आईवडील, नुकतं झालेलं मूल, सगळं मी त्यांच्यापुढे मांडलं. त्यांनी विचारलं, "चौघांतले तुम्ही तिघं एकमत आहात?" मी हो म्हणालो. "मग ठीक," ते म्हणाले.

पहिल्या शनिवारी त्यांनी सवयीने अंगठी आणि घड्याळ काढलं, अर्धा तास मशीनसमोर बसले, आणि दोन्ही परत घालून घरी गेले. दुसऱ्या शनिवारी तेच. पावसाळी हवा होती; तिसऱ्या शनिवारी एका दांड्यावर तांबूस डाग दिसला. मला लाज वाटली. पण लाज वाटूनही मी ब्रश उचलला नाही.

तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने दांडा ढकलला. तो अडकला. त्याने पेन काढलं आणि विचारलं, मशीन अशीच चालते का. रामदीन घाईघाईने म्हणाला, "बहुत पुरानी है साहब, घिस गई है।" अधिकाऱ्याने मिस्त्रींकडे पाहिलं.

"घिसी नहीं है, साहब," मिस्त्री म्हणाले. "तीन शनिवार से मैंने साफ नहीं की।"

"क्यों?"

"मन नहीं था।"

आमचं नाव त्यांनी घेतलं नाही. अधिकाऱ्याने तासभर दिला. तासाभरात मशीन पहिल्यासारखी फिरू लागली, आणि शेऱ्याच्या रकान्यात 'चालू' लिहिलं गेलं. मिस्त्रींना निष्काळजीपणाबद्दल मेमो मिळाला, तीस वर्षांतला पहिला. रामदीन त्यांच्याशी पुन्हा बोलला नाही. मीही रागावलो होतो. संध्याकाळी दाल बाजारापर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेलो आणि विचारलं, का केलंत असं. ते म्हणाले, "सफाई सोडली ती तुमच्यासाठी सोडली, जोशी. पण चांगल्या मशीनला खराब म्हणायचं, ते मला नाही जमणार."

मशीन खोक्यात भरण्याआधी त्यांनी सांधे ग्रीसने स्वतः माखले आणि एकेक फडक्यात गुंडाळला. मिस्त्रींना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. मशीनबरोबर भोपाळला मला पाठवलं, कारण सफाई येणारा दुसरा कुणी नव्हता.

भोपाळच्या ऑफिसात मशीनला जागाच नव्हती. खोकं व्हरांड्यात राहिलं आणि मला याद्या उतरवायला बसवलं. मी दोन अर्ज केले, मग करायचे सोडून दिले. पुढच्या दिवाळीत ग्वाल्हेरला आलो तेव्हा मिस्त्रींकडे गेलो. ते खंगले होते. बायकोमुलांची चौकशी झाल्यावर त्यांनी विचारलं, "शनिवारी उघडता ना?"

"हो," मी म्हणालो. "दर शनिवारी."

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बोटं उलटी करून पाहिली. नखांत तेलाचा मागमूस नव्हता. मधल्या बोटावर शाईचा डाग होता. त्यांनी हात सोडला. "बरं," ते म्हणाले, आणि आत चहा सांगितला.

त्या हिवाळ्यात ते गेले. खोली मिळून खोकं उघडलं गेलं ते आणखी दोन वर्षांनी. मी फडकी सोडली, ग्रीस पुसलं आणि दांड्याला बोट लावलं. चारही सांधे एका बोटाने हलले. मी तिथेच खोक्यातल्या भुशात बसून रडलो. त्या दिवाळीत मी खरं सांगितलं असतं तर मिस्त्री रागावले नसते. ते काय म्हणाले असते, हेही मला ठाऊक आहे: "मग सोमवारी जा आणि उघडा."