अविधवा नवमीची फिल्म

योगिनी लग्न होऊन सातपूरच्या कामगार वसाहतीत आली, त्याच वर्षी पितृपक्षात शेजारचे धोंडीराम काका दारात उभे राहिले.

"नवमीला जेवायला ये, पोरी. सवाष्ण लागते. आमची चंद्रभागा अहेव गेली."

योगिनी मराठी घेऊन एम.ए. झालेली. असल्या जेवणावर तिचा विश्वास नव्हता. पण काका पुरण स्वतः वाटणार होते. तिला नाही म्हणवेना.

जेवणं झाली. काकांनी तिच्या ताटाशी खण-नारळ ठेवला, खिडकी लावली आणि कपाटातून एक लहानसा प्रोजेक्टर काढला. ते कारखान्यात फिटर होते. नव्या कामगारांना मशीन शिकवायला तिथे या प्रोजेक्टरवर फिल्म दाखवत. फिल्म प्लास्टिकच्या चपट्या डबीत बंद असे. डबी मागून सरकवली की चित्र भिंतीवर. आत फिल्मची दोन्ही टोकं जोडलेली, त्यामुळे ती संपली की पुन्हा सुरू. पुढे व्हिडिओ आला, प्रोजेक्टर भंगारात निघाला, तो काकांनी मागून घेतला. कारण एका डबीत चंद्रभागा होती. एका पाहुण्या इंजिनियरने कारखान्यातली खंडेनवमीची पूजा टिपली होती, आणि जाताना ती फिल्म काकांना दिली होती. बायकोचा दुसरा फोटोही त्यांच्याकडे नव्हता.

डबीला एक बारीक उघडी खिडकी होती. तिच्यात फिल्मची पट्टी दिसायची. काकांनी तिथे कुंकवाचं बोट टेकवलं.

"तिचं कपाळ इथंच कुठं तरी असंल."

मग भिंतीवर चंद्रभागा आली. लेथ मशीनमागून निघाली, मधोमध थांबून पदर सावरला, हसली, दाराकडे गेली. आणि पुन्हा लेथमागून आली.

"काका, या परत आल्या!"

"ती तसलीच. निघते निघते म्हणायची, अन् लोकांच्या दारात तासभर उभी."

काकांची मुलगी ज्योत्स्ना तेव्हा शाळेत होती. आई गेली तेव्हा ती रांगत होती. ती भिंतीसमोर मांडी घालून बसायची आणि आईसारखा पदर सावरून पाहायची, ओढणीचा.

दर नवमीला योगिनी जाऊ लागली. काही वर्षांनी चित्राच्या मधोमध उभी रेघ दिसू लागली. मग ती जाड झाली. "फिल्म म्हातारी झाली," काका म्हणायचे, आणि कुंकू लावायचे. योगिनीला ते कुंकू फार सुंदर वाटायचं. मैत्रिणींना तिने त्याबद्दल पत्रंही लिहिली होती.

ज्योत्स्नाचं इगतपुरीला लग्न झालं. तिला दिवस गेले तेव्हा तिने फोन केला. "अण्णा, आईची सीडी करून ठेवा. बाळाला दाखवीन."

योगिनी काकांना घेऊन स्टुडिओत गेली. तिथल्या माणसाने पांढरं फडकं अंथरलं आणि डबी उघडली. फडक्यावर लाल भुकटी सांडली.

"काका, हे काय?"

"कुंकू हाय."

"फिल्मला कुंकू?" तो हसला, मग काकांकडे पाहून थांबला. त्याने पट्टी उजेडात धरली. "हे आत वाळूसारखं घासलंय. दर फेरीला. बाकीचं येईल, काका. पण या मधोमध उभ्या आहेत. चेहरा नाही यायचा."

काका फडक्याकडे पाहत होते. परतीच्या बसमध्ये ते एवढंच म्हणाले, "दरसाल. माझ्याच हातानं."

त्या नवमीला ज्योत्स्ना सातव्या महिन्यात असूनही आली. काकांनी तिला आल्याआल्या सगळं सांगितलं. जेवणं झाली. स्टुडिओवाल्याने डबी पुसून परत जोडून दिली होती. काकांनी कुंकवाची वाटी घेतली. हात सवयीने डबीकडे गेला आणि तिथेच थांबला.

त्यांनी प्रोजेक्टर सुरू केला.

चंद्रभागा आली, थांबली, पदर सावरला. चेहऱ्याच्या जागी पांढरी रेघ. ती दाराकडे गेली. काका भिंतीपाशी गेले. ती पुन्हा येऊन थांबली तेव्हा त्यांनी कुंकवाचं बोट उचललं. ते हवेतच राहिलं.

"कुठं गं?" त्यांनी विचारलं.

ज्योत्स्ना जमिनीला हात टेकून उठली. वडिलांचं मनगट धरलं, थोडं वर नेलं, आणि आई परत येण्याची वाट पाहत दोघं उभी राहिली.